मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या वयस्कर माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्यात? मग सुरुवात इथून करा

देवगडपासून खाली रेडीपर्यंत सिंधुदुर्गचा किनारा साधारण १२१ किलोमीटर आहे आणि त्यावर आज जी माणसं पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत ना, त्यांनी शिडाची होडी चालवलीय, सुताचं जाळं सालीच्या पाण्यात बुडवून वाळत घातलंय, पडावात, म्हणजे छोट्या होडीत, बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या मुंबईच्या बोटीपर्यंत गेलेत. हे सगळं स्वतः केलेली ही शेवटचीच माणसं. माझ्या आजोबांचा एक मिनिटाचासुद्धा आवाज आमच्याकडे नाही, म्हणून मी हे काम सुरू केलं, आणि आता चार-पाच वर्षं जमेल तसं करतोय. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो. यासाठी पत्रकार असायची गरज नाही, इतिहासात एमए केलेलं असायची पण नाही. मोबाईल पाहिजे, थोडी तयारी पाहिजे आणि गप्प बसता आलं पाहिजे.

आधी कोणाकडे जायचं

गावात गेलात की सगळे तुम्हाला एकाच माणसाकडे पाठवतील, "त्यांका सगळा म्हायत हा" म्हणून. ते बहुतेक रिटायर्ड मास्तर असतात किंवा माजी सरपंच. त्यांच्याकडे जरूर जा, चहा घ्या, गावाची माहिती घ्या, पण पहिलं रेकॉर्डिंग त्यांचं करू नका. ते तुम्हाला गावाचा इतिहास सांगतील, सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं वगैरे, आणि ते तर पुस्तकात आहेच. आपल्याला जे पाहिजे ते कुठल्याच पुस्तकात नाही, आणि ते ज्यांच्याकडे आहे ती माणसं पहिल्या भेटीत हमखास म्हणणार, "माका काय येता सांगाक? शिकलेल्यांका इचार." हे वाक्य ऐकलं की समजा बरोबर घरी आलात.

माझी पद्धत अशी की एका वाडीतली पाच-सहा माणसं ठरवायची आणि ती वेगवेगळ्या कामांची असली पाहिजेत. एक तांडेल (होडीचा प्रमुख), एक रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आयुष्यभर दोर ओढलेला, एक डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेली बाई, एक जण मुंबईला गिरणीत होता तो, एक होडी बांधणारा सुतार मिळाला तर फारच छान. आणि फक्त गाबीत (मच्छीमार समाज) वाडीतच फिरू नका, किनाऱ्यावर भंडारी आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, मिठागरात राबलेली माणसं आहेत, माडावर चढणारे आहेत. एकाच समाजाची चार घरं रेकॉर्ड करून "गावाच्या आठवणी" असं नाव दिलं तर ते खोटं होतं.

कधी जायचं हे त्याहून महत्त्वाचं

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माणसं घरी असतात, जाळी दुरुस्त करत पडवीत बसलेली असतात, वेळ असतो, मन मोकळं असतं. अडचण एकच, पाऊस. पत्र्याच्या घरात जुलैच्या सरीत रेकॉर्डिंग केलंत तर नुसता ताशा ऐकू येणार, त्यामुळे कौलारू घर किंवा आतली खोली बघायची आणि सर आली की सरळ थांबायचं, पाच मिनिटांनी परत सुरू. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला की मग त्यांना तुमच्यासाठी फुरसत नाही, आणि ते बरोबरच आहे. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं, तेव्हा रेकॉर्डिंग करू नका, फोटो बघा, नाती समजून घ्या.

मासे विकणाऱ्या बायकांकडे सकाळी जायचंच नाही. लिलाव, बाजार, मग घरचं. दुपारी जेवण उरकून तीनच्या सुमारास ती मागीलदारी जरा टेकते तेव्हा जा, आणि तेही आदल्या दिवशी विचारून.

सामान

मोबाईल पुरतो. खरंच पुरतो. फक्त चार गोष्टी करा. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट वेव्ह (WAV) करा, नसेल तर सगळ्यात वरची क्वालिटी घ्या. मोनो वेव्ह फाईलला तासाला साधारण ३०० एमबी लागतात, म्हणून आधी जागा रिकामी करा. फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत कोणाचा तरी कॉल येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंगच तुटतं. फोन उघड्या टेबलावर ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, म्हणजे कपबशीचा आणि टेबलाचा आवाज आत येत नाही. कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक मिळाला तर घ्या, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि त्यावर फोमची टोपी असू दे. पॉवरबँक ठेवा, लाईटचा आपल्याकडे भरवसा नाही.

किनाऱ्यावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वारा. सगळ्यांनाच वाटतं की मागे लाटांचा आवाज आला तर किती छान वाटेल, मलाही वाटलं होतं, आणि माझं पहिलं रेकॉर्डिंग मी देवबागच्या वाळूत बसून केलं. एक तास दहा मिनिटं. घरी येऊन ऐकलं तर वाऱ्याची घरघर आणि मधूनमधून माणूस. त्या काकांनी सांगितलेलं निम्मं गेलं, परत विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं पण पहिल्यांदा सांगताना जसं आलं होतं तसं ते पुन्हा आलं नाही. तेव्हापासून नियम असा की माणूस घरात रेकॉर्ड करायचा, आणि लाटा हव्याच असतील तर वेगळ्या जाऊन पाच मिनिटं रेकॉर्ड करून आणायच्या.

घरातसुद्धा आधी दोन मिनिटं गप्प बसून ऐका. पंखा, फ्रिज, टीव्ही, शेजारचा मिक्सर. पंखा बंद करायला सांगायचं तर उकडतं, मग निदान टेबलफॅन बाजूला फिरवा. फ्रिज बंद केलात तर तुमच्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे चालू करायचा राहणार नाही, त्यात त्यांचा चार दिवसांचा इसवण (सुरमई) असतो. मग तीस सेकंद रेकॉर्ड करा, इअरफोन लावून ऐका आणि मगच सुरू.

परवानगी कशी घ्यायची

फॉर्म काढून सही घेतली की माणूस घाबरतो, विशेषतः जमिनीच्या कागदावर एकदा फसलेली घरं. त्यामुळे मी आधी तोंडी सगळं सांगतो आणि त्यांची परवानगी रेकॉर्डिंगवरच घेतो. म्हणजे सुरुवातीला मी तारीख, गाव, माझं नाव, त्यांचं नाव, खोलीत अजून कोण बसलंय हे बोलतो आणि विचारतो, "काकानू, ह्या मी रेकॉर्ड करतंय, घरच्यांका देतलंय, वाचनालयात ठेवलेला चालात?" ते हो म्हणाले की झालं. पण ही परवानगी एकदाच घेऊन संपत नाही. शेवटी परत विचारायचं, यातलं काय बाहेर नको? आणि जे नको म्हणतील त्याची वेळ वहीत लिहून तो भाग खरोखर वेगळा ठेवायचा. त्यांनी आठ दिवसांनी फोन करून सगळंच नको म्हटलं तर सगळंच काढायचं, हुज्जत घालायची नाही.

हे एवढं ठासून सांगतोय कारण किनाऱ्यावर चालू भांडणं आहेत. पर्ससीनवर, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिवे लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे, तरी त्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटींमध्ये आजही समुद्रात वाद होतात, केसेस होतात. बोलता बोलता कोणीतरी सांगून जातो की त्या रात्री कोणाची बोट कोणी अडवली. त्याच्यासाठी ती शौर्याची गोष्ट आहे, पण तुम्ही ती नावासकट टाकलीत तर उद्या एखाद्या पोराला पोलीस स्टेशनला जावं लागेल. जिवंत माणसांची नावं, जमिनीचे वाद, जातीवरून झालेले अपमान, हे सगळं रेकॉर्ड करा, जपा, पण बाहेर काय जाणार हे सांगणाऱ्यालाच ठरवू द्या.

काय विचारायचं

"तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारलंत की समोरचा माणूस भाषण देतो. खूप कष्ट केले, पोरं शिकवली, देवाच्या कृपेने सगळं चांगलं. तीन मिनिटांत आयुष्य संपतं. म्हणून छोटं विचारा, हाताला लागेल असं विचारा. लहानपणीच्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं? रापणीवर पहिल्या दिवशी गेलात तेव्हा वाट्याला काय आलं? मुंबईला पहिल्यांदा निघालात तेव्हा आईने काय बांधून दिलं? मनीऑर्डर घेऊन पोस्टमन यायचा तेव्हा सही कोण करायचं? पाटी घेऊन निघालात की पहिलं घर कोणाचं, आणि माल उरला तर त्याचं काय करायचात?

रापणीचं उदाहरण देतो कारण त्यात हे फार चांगलं दिसतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून होडीने जाळं अर्धगोल टाकत न्यायचं आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभं राहून वीस-तीस-चाळीस माणसांनी ओढायचे, आणि मासळीचे वाटे करायचे. एवढं कोणीही सांगेल. पण एका आजोबांना मी विचारलं, वाटे करताना भांडण व्हायचं का? त्यावर ते जे सुरू झाले ते पाऊण तास. कोणाचा वाटो किती, होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा, आजारी माणसाच्या घरी पोचवायचा तो वेगळा, नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या बाईला कसा द्यायचा की तिला मागावं लागू नये. सांगताना ते जमिनीवर बसले, बोटाने फरशीवर ढीग काढत गेले, "हयसर एक, हयसर एक, आणि ह्यो दर्याचो." मी बघत बसलो आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसतं "हयसर, हयसर" आलं. नशीब की तेवढ्यात लक्षात आलं आणि मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला होडीचा आणि मधला दर्याचा, ना? ते म्हणाले, "होय, मधलो, तो कोण घेय नाय." हे लक्षात ठेवा, ते हाताने दाखवतील ते सगळं तुम्ही शब्दांत बोलून घ्यायचं. किती मोठा मासा, "इतको", तर विचारा, कोपरापर्यंत की खांद्यापर्यंत?

आणि हातात काहीतरी असू दे. जाळं शिवणारा माणूस जाळं शिवतानाच बोलतो, खुर्चीत बसवलंत की गप्प. काम बंद करायला सांगू नका. जुने फोटो, रेशनकार्ड, बोटीचे कागद, मुंबईच्या खोलीची पावती, असलं काही ट्रंकेत असेल तर काढायला सांगा आणि एकेक हातात घेऊन विचारा. त्यांचे फोटो तिथेच बसून मोबाईलवर काढा, घरी नेतो आणि आणून देतो असं कधीही म्हणू नका.

साल आठवत नाही हे ठरलेलंच. "खूप वर्षां झाली" यापुढे गाडी जात नाही. मग खुंटे घालायचे. गोवा सुटलं ते डिसेंबर १९६१, वेंगुर्ल्याकडच्या माणसांना हे पक्कं आठवतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, आणि हा खुंटा सगळ्यात कामाचा, कारण लालबाग-परळमधून किती माणसं त्यानंतर कायमची गावाला परत आली आणि पुन्हा होडीवर चढली किंवा चढायला गेली तर आता तिथे जागाच नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८. वादळं म्हणाल तर फयान नोव्हेंबर २००९, तौक्ते मे २०२१. "तुमचं लग्न भूकंपाआधी की नंतर?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं. आणि दिवस विचारताना तिथी विचारा, तारीख नाही. दर्यावरचा माणूस उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यावर आयुष्य मोजतो, अपघात झाला तो अमावास्येच्या उधाणाला हे त्याला चाळीस वर्षांनी आठवतं.

नवरा मध्ये बोलतो तेव्हा

बायकांचं रेकॉर्डिंग करताना हे होतंच. काकीला विचारलं की काका उत्तर देतात, "ती काय सांगतली, मी सांगतंय." त्यांना गप्प बसवायला जाऊ नका, अपमान होतो. आधी काकांचं वेगळं, नीट, मन भरेपर्यंत रेकॉर्ड करा. मग दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले की काकीशी मागीलदारी बसा. शक्य असेल तर बरोबर एखादी बहीण, मैत्रीण घेऊन जा. घरातला पैशांचा हिशोब, उधारी, कोणत्या वर्षी मंगळसूत्र गहाण पडलं, बाळंतपणं, गेलेली मुलं, हे सगळं बायकांकडेच आहे, आणि बहुतेकींना ते कोणी आजवर विचारलेलंच नाही.

दर्याने कोणाला नेलं असेल तर तो विषय तुम्ही काढू नका, पण आला तर पळूनही जाऊ नका. रडू आलं तर लगेच फोन उचलून बंद करू नका, तसं केलं की त्यांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. थांबा. पाणी आणा. मग हळू विचारा, बंद करू का? एका आजीने मला "ऱ्हवांदे" म्हटलं आणि मुलाचं नाव रेकॉर्डिंगमध्ये दोनदा घेतलं, परत ऐकताना नीट ऐकू यावं म्हणून.

एरवीसुद्धा शांतता आली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा मोजा. सगळ्यात चांगलं जे काही मला मिळालंय ते सातव्या-आठव्या सेकंदानंतरच आलंय. आणि "हं, हं" तोंडाने करू नका, नुसती मान हलवा, तुमचं हं त्यांच्या शब्दावर बसतं. तासाभराच्या वर जाऊ नका, वयस्कर माणूस दमतो पण सांगत नाही.

मालवणी आहे तशी ठेवा

हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. तुम्ही शहरी मराठीत बोललात की ते पण शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात, आणि मग सगळं शाळेतल्या निबंधासारखं होतं. तुम्हाला मालवणी येत असेल तर मालवणीतच विचारा, येत नसेल तर पहिल्यालाच सांगा की मला समजतं, तुम्ही घरी बोलता तसंच बोला. लिहून काढताना तर हात आवरा. "वारो सुटलो" ला "वारा सुटला" करू नका. "सुकती" म्हटलं असेल तर सुकतीच लिहा, ओहोटी कंसात द्या हवं तर. न कळलेला शब्द अंदाजाने बदलू नका, वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी विचारा. जाळ्याच्या भागांची, वाऱ्यांची, माशांची जी नावं येतील त्यांची वेगळी वही करा, देवगडला एक आणि वेंगुर्ल्याला दुसरं असं होतं, तर गावाचं नाव पण लिहा.

एक तास लिहून काढायला पाच-सहा तास सहज जातात, मालवणी नीट उतरवायची तर जास्तच. मोबाईलवरचं आपोआप टाईप होणारं वापरून बघितलं, ते मालवणी शब्दाला जवळचा प्रमाण मराठी शब्द चिकटवतं आणि चूक पटकन दिसतही नाही. म्हणून आधी सगळं लिहायच्या मागे न लागता नुसती यादी करा, चौथ्या मिनिटाला बोटीचा प्रवास, अकराव्याला लग्न, तेविसाव्याला संप. एवढं त्याच रात्री करा. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं की राहतं.

फाईलीसुद्धा त्याच रात्री कॉपी करा. एक लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर, कारण तौक्त्याच्या वेळी कौलं उडाली, घरात पाणी आलं, अशा घरातली एकच हार्डडिस्क काय कामाची. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग गाव, म्हणजे ओळीने लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ फाईल कधीच कापायची नाही, कापाकापी कॉपीवर.

परत जायचंच

रेकॉर्डिंग करून गायब होणारी माणसं किनाऱ्याने खूप बघितलीत, म्हणून महिन्याभरात पेनड्राईव्ह घेऊन परत जा. अख्खं रेकॉर्डिंग घरच्यांना द्या आणि वेगळा दहा मिनिटांचा तुकडा काढून ठेवा, कारण तासभर कोणी ऐकत नाही पण दहा मिनिटं मुंबईतली नातवंडंसुद्धा ऐकतात. घरच्यांची हरकत नसेल तर एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, बरोबर एक कागद, कोण, कुठे, कधी, काय बाहेर द्यायचं आणि काय नाही.

जमलं तर तो तुकडा पडवीत स्पीकरवर लावा, वाडीतली दोन-चार वयस्कर माणसं बोलवून. ज्यांचा आवाज आहे त्यांना आधी विचारून अर्थात. आणि तेव्हा तुमचा फोन रेकॉर्डिंगला ठेवलाय हे सगळ्यांना सांगून बाजूला ठेवून द्या, कारण पाचव्या मिनिटाला कोपऱ्यातून कोणीतरी म्हणतंच, "तसा नाय ता, मी सांगतंय काय झाला," आणि मग त्याला विचारायचं, उद्या दुपारी तीनला घरी आहात का.